खाद्याच्या तीन पिशव्या बदलल्या तरी कुत्र्याची खाज आणि जुलाब जात नाहीत? आधी पिशवीची पाठ वाचा

नवी पिशवी उघडली की आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शी पातळ होते, किंवा बांधलेली असते पण वर शेंबडासारखा चिकट थर. दिवसातून दोनच्या जागी चार-पाच वेळा. कान आतून लाल आणि त्यांना कुबट वास. पंजे चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झालेले (पांढऱ्या कुत्र्याचे लगेच दिसतात). काखेत, पोटाखाली खाज. मांजर असेल तर मानेवर ओरबाडून खपल्या, जेवल्यावर उलटी. आणि सगळ्यात ठरलेलं लक्षण म्हणजे मालक दुकानात येऊन म्हणतो, "दादा, ब्रँड बदलून द्या."

आमचं दुकान पाचोऱ्यात, मूळचं ढेप-पेंडीचं. सरकी ढेप, तुरीची चुणी, गव्हाचा भुसा. २०११ साली एका फळीवर कुत्र्या-मांजरांचं खाद्य ठेवायला लागलो, आता अर्धं दुकान त्याचंच आहे. वर लिहिलेली तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावत असतानाच ओळखतो. म्हणून कशानंतर काय तपासायचं ते लिहून ठेवतोय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

पिशवीबाहेर काय चाललंय?

याला पैसा लागत नाही आणि निम्मी भानगड इथेच सुटते. एक कोरा कागद फ्रिजवर चिकटवा आणि दोन दिवस घरातला प्रत्येक माणूस कुत्र्याला जे देईल ते त्यावर लिहील असं करा. "आम्ही फक्त पिशवीतलंच देतो" म्हणणाऱ्यांच्या कागदावर मी काय काय वाचलंय! चहात बुडवलेली बिस्किटं, दूध-पोळी, उरलेल्या शेवभाजीचा रस्सा, भरीत-कळण्याची भाकरी.

यातलं दूध मोठ्या कुत्र्यांना पुष्कळदा पचत नाही, त्यातली साखर आतड्यात तशीच राहते आणि जुलाब होतात. पण खानदेशात खरा धोका कांदा-लसणाचा. आपल्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा, भरतात कांद्याची पात आणि लसूण. कांदा-लसूण शिजवला तरी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तर फार थोडा पुरतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट हेही बंद. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यासाठी सरळ विष.

दुसरं, माप. पिशवीच्या मागचा तक्ता दिवसभराचा असतो, एका वेळचा नव्हे. लोक तक्त्यातलं ३०० ग्रॅम सकाळी घालतात आणि ३०० संध्याकाळी. दुप्पट खाल्लं तर शी मऊ होणारच, त्यात खाद्याचा दोष काय? वाटीने मापू नका, किचनच्या काट्यावर एकदा वजन करून मग त्या वाटीवर खूण करा.

तिसरं, बदल एका रात्रीत केला का? जुन्यात पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, असे सात ते दहा दिवस घ्यायचे. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या घासाची सवय व्हायला वेळ लागतो. जो दर महिन्याला ब्रँड बदलतो, त्याच्या कुत्र्याचं पोट कायमच या बदलाच्या रस्त्यावर असतं.

अंगावर हात फिरवा

हे लेबलाच्या आधी सांगतो, कारण खाजेचं पहिलं कारण खाद्य नसतं, पिसवा आणि गोचीड असतात. कानाच्या पाळीखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. ओला पांढरा कागद अंथरून त्यावर कुत्र्याला बारीक कंगव्याने विंचरा. काळी धूळ पडली आणि ती कागदावर तांबडी फुटली, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा दिसल्या तर पिशवीवर पैसे घालू नका, डॉक्टरांना विचारून त्यांचं औषध करा. गुरांच्या गोठ्याजवळ बांधलेल्या कुत्र्याला गोचीड असणारच, आणि गोचीड नुसती खाज देत नाही, तापही देते.

पिशवी कधीची, आणि ठेवलीय कुठे?

पिशवीच्या शिवणीजवळ उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि बॅच नंबर छापलेला असतो. मुदत बघतातच सगळे, पण मुदत ही बंद पिशवीची. उघडल्यावर घड्याळ वेगळं चालतं.

कोरड्या दाण्यांवर बाहेरून चरबी फवारलेली असते, चव त्यामुळेच येते. पिशवी उघडली की ती चरबी हवेला लागते आणि खवट व्हायला लागते. अशा खाद्याला साधारण २७ अंशांच्या आत ठेवा म्हणतात. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ ला टेकलेला असताना पत्र्याच्या खोलीत २७ कुठून आणायचे? म्हणून माझा सरळ हिशोब: उन्हाळ्यात २० किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. महिनाभरात संपेल तेवढीच घ्या. दाणा हातावर चोळून वास घ्या. जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा वास आला तर फेका.

आणि पिशवी रिकामी करून प्लास्टिकच्या कोठीत ओतू नका. कोठीच्या आतल्या बाजूला जुनी चरबी चिकटून राहते आणि नवा माल बिघडवते. पिशवीच कोठीत उभी ठेवा, तोंड घट्ट दुमडून. लेबलही जवळ राहतं.

सुट्टं खाद्य घेत असाल तर हा लेख इथेच थांबला असं समजा, कारण वाचायला लेबलच नाही. पारदर्शक कॅरीबॅगेत किलोभर तपकिरी दाणे; ते कशाचे, कधीचे, पिल्लाचे की मोठ्या कुत्र्याचे, काही कळत नाही. पहिली दोन वर्षं मीही असंच विकलं, म्हणून सांगतो. मोठी पिशवी उघडायची आणि डावाने काढून तोलायचं. पावसाळ्यात एकदा पिशवीच्या तळाशी दाण्यांचे गोळे झालेले सापडले, त्यावर हिरवट बुरशी. त्या दिवशी बंद केलं. मका पिकवणाऱ्याला कणसावरची बुरशी नवी नाही. त्याच जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भट्टीच्या उष्णतेनेही पुरतं जात नाही आणि कुत्र्याचं यकृत खातं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत मक्याच्या खाद्यातल्या याच विषाने बरेच कुत्रे मेले आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला.

हे खाद्य त्याच्यासाठीच आहे का?

आता पिशवीची पाठ. बारीक अक्षरात एक वाक्य शोधा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं असेल तर ते एकटं खाद्य म्हणून चालतं. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असेल तर तो खाऊ झाला, जेवण नव्हे. पुष्कळ छोटी पाकिटं आणि डबे खाऊचे असतात, आणि लोक त्यावर महिने काढतात. त्याच वाक्यात वय लिहिलेलं असतं: पिल्लांच्या वाढीसाठी, मोठ्यांसाठी, की दोघांसाठी. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मापाप्रमाणे, पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला कमीत कमी १८ टक्के प्रथिनं लागतात, पिल्लाला २२.५, मोठ्या मांजराला २६ आणि तिच्या पिल्लाला ३०.

म्हणजे मांजराला कुत्र्याचं खाद्य घालणं ही काटकसर नाही. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा जातो आणि हृदय फुगून दुबळं होतं. मांजराच्या पिशवीवर घटकांत 'टॉरिन' हा शब्द बोट ठेवून शोधा.

मोठ्या चणीच्या पिल्लांचं एक सांगून पुढे जातो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, ग्रेट डेन. पिल्लांचं पूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजू नका. हाडं मजबूत होत नाहीत, वाकडी होतात.

घटकांची यादी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पिशवी बदलूनही फरक का पडत नाही त्याचं उत्तर इथे असतं.

नगरदेवळ्याकडचे एक जिभाऊ आहेत, त्यांच्याकडे तीन वर्षांचा लॅब्रॅडोर. एका सकाळी मोटरसायकलच्या डिकीतून तीन रिकाम्या पिशव्या घड्या घालून घेऊन आले. "काय भो, आता चौथी कोणती देतोस?" मी तिन्ही पिशव्या गल्ल्यावर पालथ्या घातल्या आणि पोत्यांवर आकडे टाकायचा मार्कर घेतला.

पहिलीच्या तोंडावर कोंबडीचं चित्र. यादी: मका, चिकन मील (म्हणजे सुकवून दळलेली कोंबडी), गहू, सोयाबीन. दुसरीवर मेंढी आणि भात. यादी: तांदूळ, मका, पोल्ट्री मील, चिकन फॅट, आणि मग पाचव्या नंबरला लॅम्ब मील. तिसरी सगळ्यात महाग, अंडं आणि दुधाचं चित्र. यादी: डिहायड्रेटेड पोल्ट्री प्रोटीन, गहू, मका. मी फक्त कोंबडीला गोल करत गेलो (पोल्ट्री म्हणजेही बहुतेक कोंबडीच). जिभाऊ चष्मा पुढे ओढून बघत राहिले. तिन्ही पिशव्यांत कोंबडी आणि मका. आठ महिन्यांत त्यांनी एकदाही खाद्य बदललेलं नव्हतं, फक्त चित्र बदललं होतं.

यादी वाचायची रीत अशी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि वजन धरतात ते शिजवण्याआधीचं. इथेच चकवा आहे. ताज्या कोंबडीत साधारण ७० टक्के पाणी. २० किलो ताजी कोंबडी यादीत १८ किलो मक्याच्या वर बसते. पण भट्टीतून निघाल्यावर कोंबडीचे उरतात सहा किलो आणि मक्याचे जवळजवळ सोळा. चिकन मील मात्र आधीच सुकवलेलं असतं, म्हणून यादीत वर असलेलं चिकन मील हे वर असलेल्या ताज्या चिकनपेक्षा जास्त भरतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

दुसरा चकवा वाटणीचा. 'मका, मका ग्लुटेन, मक्याचं पीठ' अशी तीन नावं दिसली की समजा एकच घर पंगतीत वेगवेगळ्या पानांवर बसलंय. तिघांची बेरीज केली तर पहिला नंबर मक्याचा, पण यादीत पहिलं नाव कोंबडीचं. गहू आणि गव्हाचा कोंडा, तांदूळ आणि राइस ब्रान यांचंही तेच.

तिसरी खूण मिठाची. खाद्यात मीठ एखाद टक्क्याच्या आसपासच असतं. यादीत मिठाच्या खाली जे काही असेल ते त्याहून कमी. पिशवीच्या तोंडावर जांभळी फळं, पालक, गाजरं. यादीत सगळी मिठाखाली. म्हणजे चिमूटभर. त्या चित्राचे पैसे देऊ नका.

बिननावी घटक चौथे. 'चिकन मील' म्हटलं की कोंबडी कळते. 'मीट अँड बोन मील', 'ॲनिमल फॅट', 'सीरियल बाय-प्रॉडक्ट्स' म्हटलं की या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं असू शकतं. त्याच ब्रँडची नवी पिशवी घेऊनही पोट बिघडलं, तर बिननावी घटकांवर माझा पहिला संशय. बाय-प्रॉडक्ट म्हणजे कचरा असं मात्र नाही. कलेजी, काळीज, फुप्फुस हेही त्यातच येतात, आणि कुत्र्याला ते चांगले. तक्रार नाव नसण्याची आहे.

कुत्र्यांमध्ये खाण्याची ॲलर्जी बहुतेक वेळा गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची निघते. म्हणून 'ग्रेन-फ्री' लिहिलेली महाग पिशवी घेतली तरी त्यात कोंबडी असेल तर खाज तशीच राहू शकते. शिवाय धान्याच्या जागी भरपूर वाटाणा आणि मसूर घातलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या वाटेला मी कुणाला पाठवत नाही.

टक्क्यांचं गणित

ढेपीच्या पोत्यावर जे असतं तेच इथे: क्रूड प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पाउच आणि कोरडी पिशवी यांची तुलना छापील आकड्यांवर करू नका. पाउचवर ८ टक्के प्रथिनं आणि ८२ टक्के पाणी असेल तर पाणी वगळून उरले १८, त्यात ८, म्हणजे ४४ टक्के. कोरड्या पिशवीवर २२ प्रथिनं, १० पाणी, तर २२ भागिले ९०, म्हणजे साडेचोवीस. पाउच गरीब दिसतो, पण तसा नसतो. मात्र ८० ग्रॅमच्या त्या पाउचात ६५ ग्रॅम पाणीच आहे, हेही पैसे देताना आठवू द्या. पिष्टमय किती हे छापत नाहीत. १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राखेचे (म्हणजे खनिजांचे) सात-आठ वजा केले की येतं. २२, १०, ५, १० आणि ८ गेले तर ४५ उरतात.

दुसरं, 'क्रूड' या शब्दाचं. प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. गुरांच्या खाद्यात युरिया मिसळला की कागदावर प्रथिनं वाढतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. म्हशीच्या पोटातले जिवाणू ठरावीक प्रमाणात तो युरिया वापरतात तरी. कुत्र्याला त्याचा काही उपयोग नाही. २००७ मध्ये चीनमधून गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नत्र फुगवायला मेलामाइन हे प्लास्टिकच्या कामाचं रसायन घातलेलं निघालं आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे मूत्रपिंड निकामी झाले. म्हणून २४ आणि २६ टक्क्यांवर घासाघीस करण्याआधी ते टक्के कुठल्या घटकातून येतात ते बघा.

शेवटची आणि अवघड पायरी

वरचं सगळं करूनही खाज किंवा जुलाब राहिले तर एलिमिनेशन डाएट, म्हणजे कुत्र्याने आजवर न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर, किंवा तोडून बारीक केलेल्या प्रथिनांच्या औषधी खाद्यावर, निदान आठ आठवडे. दुसरं काहीही नाही. मग जुना घटक परत द्यायचा आणि खाज उलटते का बघायची. उलटली तर गुन्हेगार पक्का. हे घरच्या घरी सुरू करू नका. कोणतं प्रथिन घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, आणि रक्त तपासून खाण्याची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालण्याआधीही त्यांनाच विचारा.

जिभाऊंचा पहिला प्रयत्न तिसऱ्या आठवड्यात मोडला. कापूस वेचायला आलेल्या बाया दुपारच्या शिदोरीतली भाकरी त्याला प्रेमाने घालत होत्या, सोबत सुकटीची चटणीही. दुसऱ्यांदा त्यांनी कुत्रा शेतात नेलाच नाही. तेव्हा जमलं, आणि कोंबडी परत दिल्यावर पाचव्या दिवशी कान लाल झाले. चघळायच्या काड्या आणि चवीच्या गोळ्याही या काळात बंद ठेवाव्या लागतात. जंताची गोळी असेल तर बिनचवीची मागून घ्या.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

लेबल वाचत बसायची वेळ नाही ती अशी. पिल्लाचं लसीकरण झालेलं नाही आणि उलट्यांसोबत रक्ताचे, घाण वासाचे जुलाब: पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो, तासांचा खेळ आहे. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, लघवी चहाच्या रंगाची. शी डांबरासारखी काळी. पोट फुगलंय आणि कुत्रा ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही. तोंड सुजलंय, श्वास अडकतोय. ताप, सुस्ती आणि नाकातून रक्त, अंगावर गोचीड. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही. मांजराने दोन दिवस काही खाल्लं नाही. जुलाब साधेच आहेत पण तीन दिवस झाले, किंवा वजन उतरतंय, तरीही.

यात घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, आयबुप्रोफेनने कुत्र्याचे मूत्रपिंड जातात. मी दुकानदार आहे. जुलाबाची गोळी माझ्याकडे मागितली तरी मी देत नाही, आणि जो दुकानदार देतो त्याच्याकडून खाद्यही घेऊ नका.

दवाखान्यात जाताना पिशवी सोबत न्या, अर्धी असली तरी. बहुतेक जण उघडताना वरची शिवण ओढून फेकतात आणि बॅच नंबर नेमका तिथेच असतो. कात्रीने कापा आणि ती पट्टी पिशवीतच टाकून ठेवा.